करपा: बुरशीच्या जनुकांना हुकूम कोण देतो?

करप्याचा बीजाणू भाताच्या पानावर पडतो तेव्हा त्याच्या हाताशी फार थोडा वेळ असतो. पानावर दव आहे तोवरच त्याला जे करायचे ते करता येते. बीजाणू तीन पेशींचा, एका टोकाला निमुळता. पाणी लागताच निमुळत्या टोकातून चिकट द्रव सुटतो आणि तो पानाच्या मेणचट पृष्ठभागाला धरून बसतो. दोनेक तासांत त्याला कोंब फुटतो. कोंब थोडा पुढे सरकतो, टोक वाकवून पृष्ठभाग चाचपतो आणि चार ते सहा तासांच्या सुमारास त्या टोकाला फुगवटा येऊ लागतो. कोंबातल्या केंद्रकाचे विभाजन होते. दोनपैकी एक केंद्रक फुगवट्यात जाते, दुसरे बीजाणूकडे परत फिरते. मग बीजाणूच्या तिन्ही पेशी आपले साठवलेले अन्न फुगवट्याच्या स्वाधीन करतात आणि मरतात. मागे उरतो एक काळपट घुमट. त्याला ॲप्रेसोरियम म्हणतात.

या घुमटात ग्लिसरॉल साठत जाते, त्याच्या ओढीने पाणी आत शिरते, आणि मेलॅनिनचा थर ग्लिसरॉलला बाहेर पडू देत नाही. आतला दाब ८ मेगापास्कलपर्यंत चढतो. मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षा हा दाब चाळीसेक पट जास्त भरतो. रिचर्ड हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली तो मोजला. एवढ्या दाबाच्या जोरावर घुमटाच्या तळातून एक बारीक खुंटी पान फोडून आत घुसते. चार-पाच दिवसांनी पानावर दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी ठिपका दिसतो. शेतकऱ्याला रोग दिसतो तो तेव्हा. बुरशीने जिंकायचे होते ते पहिल्याच रात्री जिंकलेले असते.

बीजाणूची जनुके, कोंबाची जनुके, घुमटाची जनुके आणि पानाच्या आत पसरणाऱ्या तंतूंची जनुके तीच असतात. अकरा हजारांच्या आसपास जनुकांचा हा एकच संच. मग कोणत्या तासाला यातली कोणती जनुके जागी व्हायची आणि कोणती गप्प बसायची, हे कोण ठरवते? वनस्पतींवर रोग आणणाऱ्या बुरशींच्या अभ्यासात गेली तीस-पस्तीस वर्षे या प्रश्नाभोवती काम चालू आहे, आणि त्यातला मोलाचा भाग बडोद्यात झाला आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात आणि जैवतंत्रज्ञान केंद्रात करप्याच्या बुरशीवर जे संशोधन झाले त्याची मराठीत फारशी दखल घेतली गेलेली नाही. गुजरातेत करमोडी म्हणून ओळखला जाणारा हा रोग मावळात, इगतपुरीत आणि कोकणातही भाताच्या मुळावर येतो, तेव्हा मराठी वाचकाचा या कामाशी संबंध नाही असे म्हणता येत नाही.

बडोद्यातल्या कामाचे केंद्रस्थान प्रा. भारत चट्टू. त्यांची सुरुवात करप्यापासून झाली नाही, यीस्टपासून झाली. अमेरिकेत फ्रेड शर्मन यांच्याबरोबर १९७९ साली त्यांनी यीस्टमधली लायसिन न बनवू शकणारी उत्परिवर्तिते निवडून काढण्याची एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली, आणि ती पुढे यीस्टच्या प्रयोगशाळांत सर्रास वापरली गेली. यीस्टवर हात बसलेला माणूस भाताच्या रोगाकडे वळला, आणि माझ्या मते ही या कथेतली फार महत्त्वाची गोष्ट आहे. बुरशीच्या जनुकनियमनाची जी मूळ यंत्रणा आहे ती यीस्टमध्ये आधी उलगडली होती. एखादे जनुक बिघडवायचे, काय बदलते ते पाहायचे, मग चांगले जनुक परत घालून दोष नाहीसा होतो का ते तपासायचे, ही शिस्तही यीस्टवाल्यांचीच. आज या केंद्राला भारत चट्टू जीनोम संशोधन केंद्र असे नाव आहे.

चट्टूंच्या प्रयोगशाळेने करप्याच्या बुरशीत जे पहिले मोठे काम केले ते उड्या मारणाऱ्या डीएनएवर होते. प्रदीप कचरू, सॅली लिआँग आणि चट्टू यांनी १९९४ साली पॉट२ नावाचा ट्रान्सपोझॉन वर्णिला. १,८५७ अक्षरांचा हा तुकडा बुरशीच्या जीनोममध्ये सुमारे शंभर ठिकाणी बसलेला आढळतो. पुढच्याच वर्षी त्यांनी एमजी-साइन हा आणखी एक पुनरावृत्त घटक शोधला. त्या काळी असले तुकडे म्हणजे जीनोममधला निरुपयोगी पसारा अशीच समजूत होती. पण प्रत्येक वाणात पॉट२ वेगवेगळ्या जागी बसलेला असल्यामुळे त्याच्या आधारे बुरशीच्या वाणांची ओळख पटवता येते, आणि १९९८ पासून त्यासाठी एक सोपी पीसीआर चाचणी उपलब्ध झाली. जगात कुठेही कोणी करप्याच्या वाणांचे गट पाडायला बसले की पॉट२ हाताशी लागतो. बडोद्याने या क्षेत्राला दिलेले सर्वाधिक वापरले गेलेले साधन हेच असावे.

पुढे अशा उड्या मारणाऱ्या तुकड्यांचे महत्त्व आणखी वाढले. भाताचा वाण करप्याला दाद देत नाही तो बहुधा एकाच प्रतिकार-जनुकामुळे, आणि ते जनुक बुरशीचे एक ठरावीक प्रथिन ओळखून झाडाला सावध करते. बुरशीच्या बाजूच्या त्या जनुकाला अविरुलन्स जनुक म्हणतात. एव्हीआर-पिटा हे त्यातले एक प्रसिद्ध जनुक. अमेरिकेतल्या बार्बरा व्हॅलेंट यांच्या गटाने २००१ साली दाखवले की पॉट२चाच भाईबंद असलेला पॉट३ या जनुकाच्या सुरुवातीच्या नियामक भागात येऊन बसला की जनुक मुके होते, झाडाला बुरशी ओळखू येत नाही आणि प्रतिकारक म्हणून लावलेला वाण रोगाला बळी पडतो. जनुकाचे अक्षरही न बदलता फक्त त्याचा हुकूम मोडला, तरी एवढा परिणाम. करपा-प्रतिकारक वाण शेतात दोन-चार हंगामांत का ढेपाळतात, याच्या अनेक कारणांतले हे एक. ट्रान्सपोझॉन म्हणजे पसारा, हे म्हणणे मागे घ्यावे लागले ते अशा निष्कर्षांमुळे.

बुरशी आणि भात या दोन्ही बाजूंनी काम करणे हे बडोद्याचे वैशिष्ट्य राहिले. नावेद नक्वी यांनी इथे पीएच.डी. करताना भातातल्या करपा-प्रतिकारक जनुकांजवळचे डीएनए मार्कर शोधले, जेणेकरून पैदासकाराला रोग येण्याची वाट न पाहता रोपाच्या डीएनएवरून निवड करता येईल. राजेश पाटकर आणि चट्टू यांनी २००६ साली कांद्याच्या बियांतले एक बुरशीनाशक प्रथिन इंडिका भातात आणून त्याची रोगप्रतिकारक्षमता वाढल्याचे दाखवले. पण जनुकनियमनाच्या प्रश्नाला थेट भिडणारे काम म्हणजे २००७ सालचे एमजीए१ या जनुकावरचे. त्यासाठी प्रयोगशाळेत काय करावे लागते ते जरा जवळून पाहू.

बहुतेक जगाने या बुरशीचा अभ्यास फ्रेंच गयानातून आलेल्या ग्वाय११ या वाणावर आणि त्याच्यापासून संकराने मिळवलेल्या ७०-१५ वर केला. बडोद्याच्या गटाने आंध्र प्रदेशातल्या भाताच्या रोगट पानांतून काढलेला बी१५७ हा वाण निवडला. ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूची मदत घेऊन त्याच्या जीनोममध्ये डीएनएचा एक ओळखीचा तुकडा कुठेतरी घुसवला जातो. कुठे ते आधी ठरवता येत नाही, आणि तसे ठरवायचेही नसते. त्या तुकड्यासोबत हायग्रोमायसिन या प्रतिजैविकाला तोंड देण्याची क्षमता येते, म्हणून हायग्रोमायसिन घातलेल्या माध्यमावर जे वाढले त्यांच्यात तुकडा बसला असे समजते. अशा शेकडो वाणांच्या डब्या भरतात. प्रत्येकीवरचे बीजाणू पाण्याने खरवडायचे, गाळायचे, सूक्ष्मदर्शकाखाली मोजून पाण्यात ठरावीक घनतेचे मिश्रण करायचे आणि त्याचा एकेक थेंब प्लॅस्टिकच्या पाणी न धरणाऱ्या पारदर्शक कापावर ठेवायचा. काप ओलसर डबीत, अंधारात. दुसऱ्या दिवशी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली. निरोगी बुरशीचे बहुतेक बीजाणू घुमट धरून बसलेले असतात. एखाद्या थेंबात मात्र कोंब फुटून लांबतच गेलेले दिसतात आणि घुमट एकही नसतो. तो वाण बाजूला काढायचा, आणि घुसवलेला तुकडा नेमका कोणत्या जनुकात बसला आहे ते शोधायचे.

एमजीए१ असेच सापडले. हे जनुक बिघडले की ॲप्रेसोरियम तयार होत नाही. त्याचे प्रथिन उष्णता-आघात नियामकांच्या कुळातले, म्हणजे दुसऱ्या जनुकांना चालना देणाऱ्या प्रथिनांपैकी आहे. घुमट नसलेल्या त्या वाणात साठवलेले ग्लायकोजेन आणि मेद वेळेवर वापरात येत नाहीत, असेही दिसले. घुमट उभारायचा तर आधी पुंजी मोकळी करावी लागते, आणि ती मोकळी करण्याचा हुकूमही नियामकाकडूनच यावा लागतो, हे त्यातून स्पष्ट झाले. दुसऱ्या एका कामात २००८ साली याच गटाने एबीसी४ नावाचा पेशीबाहेर पदार्थ फेकणारा वाहक रोगासाठी गरजेचा असल्याचे दाखवले. त्या काळच्या शोधनिबंधांत बुरशीचे नाव मॅग्नापोर्थी ग्रिसिया असे आढळेल. भातावरच्या बुरशीला मॅग्नापोर्थी ओरायझी हे वेगळे नाव देण्याचा प्रस्ताव २००२ चा, पण प्रयोगशाळांत जुने नाव बराच काळ टिकले.

हुकुमाची साखळी वरून पाहिली तर तिची सुरुवात पानाच्या पृष्ठभागावर होते. पृष्ठभाग कठीण आहे का, पाणी झटकणारा आहे का, मेणाचे घटक आहेत का, हे बुरशीला कळते. पीटीएच११ हे पेशीच्या पडद्यातले ग्राहक प्रथिन त्या कामात लागते. खबर आत पोचवण्याचे काम चक्रीय एएमपी नावाचा लहान रेणू करतो. पाणी झटकत नसलेल्या पृष्ठभागावर बुरशी एरवी घुमट धरत नाही, पण बाहेरून चक्रीय एएमपी दिले की तिथेही धरते. त्यानंतर निर्णायक ठरतो तो पीएमके१. जिनरोंग शू आणि जॉन हेमर यांनी १९९६ साली हे किनेज, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवणारे एन्झाइम, शोधले. पीएमके१ नसलेल्या बुरशीला घुमट येत नाही, आणि गंमत म्हणजे पानाला आधीच जखम करून तिला आत जायची वाट दिली तरी ती पसरू शकत नाही. दार फोडण्यापलीकडेही त्याचे काम आहे, हे तेव्हाच लक्षात आले होते. २०१८ मध्ये निकोलस टॅल्बट यांच्या गटाने ते सिद्ध केले. भाताच्या एका पेशीतून शेजारच्या पेशीत जाताना दोन पेशींमधल्या अरुंद वाटेतून बुरशीला स्वतःला आवळून घ्यावे लागते, आणि तेही पीएमके१च्या हुकुमाशिवाय होत नाही.

हे किनेज यीस्टमधल्या समागमाच्या वेळी काम करणाऱ्या किनेजांचेच नातलग आहे. बुरशीचे जनुक यीस्टमध्ये घातले तर ते तिथला दोषही भरून काढते. यीस्टमध्ये दोन पेशींना एकत्र आणणारी यंत्रणा भाताच्या पानावर हल्ल्यासाठी कामाला लागली आहे. चट्टूंसारख्या यीस्टच्या जाणकाराला करप्याकडे वळावेसे का वाटले असेल, याचा अंदाज इथे येतो.

पीएमके१ स्वतः जनुकांना हात लावत नाही. तो पुढच्या नियामकांना फॉस्फेट चिकटवून कामाला लावतो. हॉक्स७ हा नियामक घुमटाची घडण सांभाळतो, तर एमएसटी१२ पुढच्या टप्प्यावर, पान फोडण्याच्या वेळी लागतो. एमएसटी१२ नसेल तर घुमट बरोबर उभा राहतो, पण आत जात नाही. २०२१ साली या पायऱ्या एकत्र मांडल्या गेल्या तेव्हा दिसले की ही एकामागून एक उघडणारी उतरंड आहे, आणि एका पायरीचा नियामक दुसरीचे काम करू शकत नाही.

मेलॅनिनचे उदाहरण मला विशेष बोलके वाटते. घुमटात मेलॅनिन नसेल तर दाब चढत नाही आणि रोग होत नाही. पीआयजी१ हा नियामक बुरशीच्या तंतूंना मेलॅनिन बनवायला लावतो. साहजिकच वाटावे की पीआयजी१ काढला की रोगही थांबेल. पण तसे होत नाही. पीआयजी१ नसलेल्या बुरशीचे तंतू फिके पडतात, घुमट मात्र काळाच राहतो. एकाच पदार्थाची तीच जनुके तंतूंमध्ये एकाच्या आज्ञेने आणि घुमटात दुसऱ्याच्या आज्ञेने चालतात. प्रयोगशाळेतल्या डबीत वाढवलेल्या बुरशीवरून रोगाबद्दल निष्कर्ष काढणाऱ्याने हे उदाहरण कायम समोर ठेवावे.

नियमनाचा आणखी एक थर डीएनएच्या गुंडाळीत आहे. जनुके हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेली असतात आणि त्या प्रथिनांवरच्या रासायनिक खुणांनुसार काही भाग घट्ट मिटलेले राहतात. मोहरीवर्गीय पिकांवर रोग आणणाऱ्या लेप्टोस्फेरिया या बुरशीत फ्रेंच संशोधकांनी २०१४ साली दाखवले की रोगासाठी लागणारी बरीच जनुके अशा मिटलेल्या, पुनरावृत्त डीएनएने भरलेल्या भागात असतात. मिटवणारी यंत्रणा शिथिल केली की ती झाडाविनाच, डबीतही जागी होतात. फ्युझेरियम या बुरशीतही अशाच खुणांनी विषद्रव्यांची जनुके झाकलेली असतात. मक्यावरच्या काणीच्या बुरशीत हुकूम वेगळ्याच तऱ्हेने येतो. तिचा यीस्टसारखा एकटा जीव निरुपद्रवी असतो. दोन वेगवेगळ्या वाणांच्या पेशी एक झाल्यावर बी जनुकस्थानाची दोन प्रथिने जोडी जमवतात, आणि ती जोडी जमली तरच तंतू फुटून मक्यात रोग सुरू होतो. रोग आणायचा की नाही याचा निर्णय वेगवेगळ्या बुरशींनी वेगवेगळ्या वाटांनी घेतला आहे. सगळ्यांना लागू पडणारा एकच नियम शोधत बसण्यात अर्थ नाही.

पानात शिरल्यावरही गोष्ट संपत नाही. झाड जॅस्मोनिक आम्लासारखे संप्रेरक तयार करून बचावाला लागते. नक्वी पुढे सिंगापूरच्या टेमासेक प्रयोगशाळेत गेले. पाटकरही तिथे त्यांच्याबरोबर होते. २०१५ साली नेचर केमिकल बायॉलॉजीत त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेले काम या विषयातल्या सुंदर कामांपैकी एक आहे. बुरशी एबीएम नावाच्या एन्झाइमने जॅस्मोनिक आम्लाचे थोडे बदललेले रूप बनवते आणि ते झाडात सोडते. या रूपाने झाडाचा बचाव जागा होण्याऐवजी मंदावतो. एबीएम नसलेली बुरशी मूळच्या रूपातले संप्रेरक साठवते, आणि तिच्या प्रवेशाने झाड खडबडून सावध होते. दोन जीवांची नियमनयंत्रणा एकमेकांत गुंतते कशी, हे यात एका रेणूच्या पातळीवर दिसते. पाटकर पुढे बडोद्याच्या केंद्रात परतले आणि नंतर आयआयटी मुंबईत गेले. म्हणजे या कामाची एक फांदी आता महाराष्ट्रात आहे.

महाराष्ट्राचा विषय निघालाच आहे तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या मुकुंद देशपांडे यांच्या कामाचा उल्लेख केलाच पाहिजे. त्यांनी बेंजामिनिएला नावाच्या, रोग न आणणाऱ्या बुरशीवर अनेक वर्षे काम केले. ही बुरशी कधी यीस्टसारख्या गोल पेशींच्या रूपात वाढते, कधी तंतूंच्या, आणि तापमान व साखर बदलून प्रयोगशाळेत तिचे रूप बदलता येते. देशपांडे आणि सहकाऱ्यांना असे आढळले की रूपबदलाबरोबर ग्लुटामेट डिहायड्रोजनेज या नायट्रोजन-चयापचयातल्या एन्झाइमांचे प्रमाण बदलते. बुरशी किती नायट्रोजन कोणत्या वाटेने वापरते आणि कोणत्या आकारात वाढते, या दोन गोष्टी जोडलेल्या आहेत. रोग न आणणारी बुरशी म्हणून हे काम या आढाव्यातून वगळणे बरोबर झाले नसते, कारण हाच धागा थेट शेतकऱ्याच्या युरियाच्या गोणीपर्यंत जातो.

युरिया जास्त झाला की करपा वाढतो, हे भात पिकवणारा कोणीही सांगेल. त्याचे कारण बराच काळ एकाच बाजूने सांगितले जात होते: नत्राने पाने लुसलुशीत होतात, बचाव कमकुवत पडतो. फ्रान्समधल्या एलसा बॅलिनी आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दुसरी बाजू पुढे आणली. जास्त नायट्रोजन दिलेल्या भातात ग्लुटामाइन वाढते आणि अशा पानात शिरलेल्या बुरशीची रोगकारक जनुके अधिक जोराने चालतात. म्हणजे खताचा डोस झाडालाही सांगतो आणि बुरशीलाही. रिचर्ड विल्सन यांच्या गटाने त्याआधीच दाखवले होते की साखरेची पातळी ओळखणारे टीपीएस१ हे प्रथिन नायट्रोजन-जनुकांच्या नियामकांशी जोडलेले आहे, आणि ते नसेल तर बुरशी पानात टिकत नाही. पोटाची गरज आणि रोगाचा हुकूम या बुरशीत एकाच जाळ्यात आहेत. माझ्या मते शेतीच्या दृष्टीने या सगळ्या संशोधनातला सर्वांत उपयोगी निष्कर्ष हाच आहे, आणि कृषी विस्ताराच्या पुस्तिकांत त्याला अजून जागा मिळालेली नाही.

उपायांकडे पाहिले तर आजवर हाती लागलेले सर्वांत यशस्वी औषध हेही नकळत विकासाच्या टप्प्यावरच बोट ठेवून होते. ट्रायसायक्लाझोल बुरशीला मारत नाही. मेलॅनिन बनवणारे एक एन्झाइम ते अडवते, घुमटात दाब चढत नाही आणि बुरशी पानाबाहेर अडकते. पण युरोपीय संघाने आयात तांदळातली त्याची मर्यादा किलोला १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली, आणि २०१७ अखेरपासून ती लागू झाल्यावर बासमती निर्यातदारांची झोप उडाली. त्याच वाटेवरचे दुसरे एन्झाइम अडवणाऱ्या कार्प्रोपामिडला जपानमध्ये २००१ सालीच बुरशीने दाद देणे सोडले होते, तेही त्या एन्झाइमच्या एकाच अक्षराच्या बदलाने. प्रतिकारक वाणांच्या बाजूने दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने २०२१ साली पुसा बासमती १८४७ सारखे वाण आणले. त्यात करप्याविरुद्धची पीआय२ आणि पीआय५४ ही दोन जनुके एकत्र आहेत. एकापेक्षा दोन बरी, कारण बुरशीला एकाच वेळी दोन अविरुलन्स जनुके मुकी करावी लागतात. पण तिच्याकडे पॉट३ सारखे तुकडे आहेत, आणि वेळही आहे.

२०१६ साली बांगलादेशात गव्हावर करपा आला. गहू करप्याची बुरशी दक्षिण अमेरिकेतून तिथे पोचली होती. ब्राझीलमध्ये ती १९८५ सालापासून माहीत होती. जवळपास पंधरा हजार हेक्टरवरचे पीक सापडले. भाताच्या बुरशीची ही बहीण सीमेपलीकडे आली, तेव्हा वाणांची ओळख पटवणाऱ्या डीएनए चाचण्या किती तातडीच्या आहेत हे सगळ्यांच्या लक्षात आले.

इतका प्रवास पाहिल्यावर मला या क्षेत्राबद्दल एक स्पष्ट मत मांडायचे आहे. एकेक जनुक काढून टाकून ते रोगासाठी गरजेचे आहे असे दाखवणाऱ्या निबंधांचा ढीग आता पुरेसा झाला आहे. जीनोम २००५ पासून उपलब्ध आहे आणि संसर्गाच्या तासागणिक कोणती जनुके चालू होतात, त्याची मोजणी आता पानाच्या आतही करता येते. पुढचा प्रश्न हुकुमांच्या क्रमाचा, त्यांच्या वेळेचा आणि परिस्थितीप्रमाणे बदलणाऱ्या त्यांच्या मेळाचा आहे. या प्रश्नाची उत्तरे फ्रेंच गयानाहून आलेल्या एका वाणावर, बार्लीच्या कापलेल्या पानावर, चोवीस तास एकाच तापमानात ठेवलेल्या डबीत पूर्ण मिळणार नाहीत. मावळात पावसाळी रात्री दव किती तास टिकते, खेड्यातल्या शेतात युरिया कोणत्या आठवड्यात पडतो, इंद्रायणी भाताच्या पानावरचे मेण कसे आहे, यावर हुकुमांचा क्रम बदलत असेल, आणि तो बदल मोजण्याची साधने आज आपल्याकडे आहेत. बडोद्याच्या गटाने आंध्रच्या शेतातला वाण हाती घेऊन जे धोरण स्वीकारले तेच आज सर्वत्र हवे आहे.

म्हणून कर्जत, वडगाव मावळ आणि नवागामच्या भात संशोधन केंद्रांना आणि बडोद्या-मुंबई-पुण्यातल्या प्रयोगशाळांना एकच विनंती. दर हंगामात करपा आलेल्या शेतांतून बुरशीचे वाण जमा करा, ते कोणत्या जातीवर, किती नत्र दिलेल्या शेतात, कोणत्या पावसात सापडले याची नोंद त्यांच्यासोबत ठेवा आणि तो साठा सगळ्यांना खुला करा. पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यानेही पुढचे जनुक निवडण्याआधी आपल्या जिल्ह्यातला वाण आधी निवडावा.